अप्पांचं प्रोबेशन

संघप्रिया शिवशरण पुण्यातली कंपनी सोडून सोलापुरात परत आली, तेव्हा ओळखीतल्या निम्म्या लोकांना वाटलं हिची नोकरी गेली आणि उरलेल्यांना वाटलं हिचं डोकं गेलं. कंपनीत ती एचआरला होती. माणसं घ्यायची, त्यांना कामात रुळवायचं, कुणाचं कुणाशी बिनसलं तर मिटवायचं आणि अगदीच वेळ आली तर एखाद्याच्या हाती नारळ द्यायचा. आता हेच काम ती ‘वाकळ’ नावाच्या संस्थेत करणार होती. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरींच्या कारखान्यांत जाणाऱ्या बायकांची लेकरं सांभाळायला ‘वाकळ’ची तीन पाळणाघरं होती आणि चौथं निघायचं होतं.

“संस्थेला कशाला लागतो गं एचआर?” तिच्या आईनं विचारलं. “तिथं सगळी चांगलीच माणसं असतील की.”

“म्हणूनच लागतो,” संघप्रिया म्हणाली.

तेव्हा ती हे आपलं गमतीनं बोलून गेली होती. महिन्याभरात तिला त्याचा अर्थ कळला. कंपनीत वाईट वागणाऱ्याला चार शब्द सुनावता येतात. पण चांगल्या मनानं घोळ घालणाऱ्याला कोण बोलणार? आणि ‘वाकळ’मधल्या अशा माणसांचे मुकुटमणी होते धोंडप्पा अप्पा.

अप्पांचं वय बहात्तर. पांढरं धोतर, कडक इस्त्रीचा सदरा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. नवी पेठेत त्यांचं चादरींचं जुनं दुकान होतं, ते आता मुलगा सिद्धलिंग बघायचा. ‘वाकळ’चं ऑफिस आणि पहिलं पाळणाघर ज्या जागेत होतं, ते एकेकाळचं अप्पांचंच गोदाम. संस्था सुरू करणाऱ्या रुद्राणीताई जागेसाठी वणवण फिरत होत्या, तेव्हा अप्पांनी खिशातून किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली होती. भाड्याचं विचारलं तर म्हणाले, “लेकरांकडनं भाडं घिऊ व्हय?” मग त्या किल्लीमागोमाग ते स्वतःही आले, दाराशी खुर्ची टाकून बसले, ते आजतागायत बसलेलेच होते.

दारातून ते अख्खी संस्था चालवत. कुरियरवाल्याची उलटतपासणी घेत, पाहुण्यांना चपला ओळीत लावायला लावत, लेकरू सोडायला आलेल्या आईला “आज धा मिनटं उशीर का?” म्हणून विचारत. कुणी त्यांना हे काम दिलं नव्हतं आणि कुणी काढूनही घेऊ शकत नव्हतं.

चौथ्या पाळणाघरासाठी बायका-मुली हव्या होत्या. संघप्रियानं मुलाखतीला सहा जणींना बोलावलं. आली एकच. तिला वाटलं, एप्रिलचं ऊन आहे, कोण घराबाहेर पडणार. पुढच्या आठवड्यात तिनं सकाळची वेळ दिली. पुन्हा तेच. शेवटी न आलेल्यांपैकी एकीला तिनं फोन लावला. सिद्धेश्वरी नावाची मुलगी होती, फोनवर चुणचुणीत वाटली होती.

“मॅडम, मी आले होते की,” सिद्धेश्वरी म्हणाली. “दारातनंच परत गेले.”

“का गं?”

“तिथं एक आजोबा बसलेत. त्यांनी विचारलं, लग्न झालंय का? न्हाय म्हटलं. तर म्हणाले, मग झाल्यावर सोडून जाशील. लेकरांना तुझा लळा लागायचा आन् तू निघून जायचीस. त्यापरीस आताच जा की माय.”

संघप्रियानं कपाळाला हात लावला. तिनं आणखी दोघींना फोन केला. त्यातली एक लग्न झालेली, दोन मुलांची आई होती. तिला अप्पांनी विचारलं होतं, “घरी दोन हायेत, मग हितल्या चाळीसांना माया कुठनं आणणार?” म्हणजे लग्न झालेली चालत नव्हती, न झालेली चालत नव्हती. आणि हे सगळं इतक्या प्रेमानं विचारलेलं, की तक्रार करायलाही जागा नाही.

ती तडक रुद्राणीताईंकडे गेली. रुद्राणीताई शाळेतून निवृत्त झालेल्या. कलेक्टरांसमोर न घाबरणाऱ्या. पण अप्पांचं नाव निघताच त्यांनी दार लोटून घेतलं.

“मला नाही बाई जमायचं,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “मागं एकदा मी म्हटलं होतं, अप्पा, आता जरा आराम करा. दुसऱ्या दिवशी खुर्चीवर टाकायला उशी घेऊन आले. म्हणाले, बरोबर हाय तुमचं, हितं बसूनच आराम करतो.”

संघप्रियाला हसू आवरेना.

“हसू नकोस. उद्या रागावून त्यांनी किल्ली मागितली, तर चाळीस लेकरं घेऊन कुठं जाऊ मी? आणि जो माणूस पगारच घेत नाही त्याला काढायचं तरी कसं?”

“काढायचं नाही, ताई. सांगायचं.”

“तेच ते,” रुद्राणीताई म्हणाल्या. “तू एचआर ना? मग तूच सांग.”

संघप्रिया सांगायचा मुहूर्त शोधत राहिली. तो तिला सापडला नाही, मुहूर्तच चालत तिच्याकडे आला.

मे महिन्यात तिनं सगळ्यांशी एकेक करून बोलायला सुरुवात केली होती. काय छान चाललंय, कुठं अडतंय, काय मदत लागेल, असं निवांत बोलणं. आधी सगळ्या बायका घाबरल्या. बंद दाराआड बोलावतात म्हणजे काहीतरी चुकलं असणार. पहिली आत गेली ती चैताली, तान्ह्यांच्या खोलीची ताई, सव्वीस वर्षांची. ती डोळे पुसत बाहेर आली तेव्हा बाहेरच्यांनी तिला घेरलं. पण ती म्हणाली, “अगं, चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं की मी चांगलं काम करते.” मग मात्र सगळ्यांना आपला नंबर कधी लागतो असं झालं.

अप्पा दारातून हे सगळं बघत होते. तिसऱ्या दिवशी ते उठून संघप्रियाच्या टेबलाशी आले.

“माझा नंबर कधी?”

“अप्पा, तुम्ही तर स्वयंसेवक आहात.”

“म्हंजे माणूस न्हाय व्हय?”

तिनं वहीत त्यांचं नाव लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी अप्पा नवी टोपी घालून तिच्यासमोर बसले, परीक्षेला बसल्यासारखे, हात मांडीवर ठेवून.

पुण्यात तिला शिकवलं होतं, की आधी गोड बोलायचं, मग कडू सांगायचं आणि शेवट पुन्हा गोड करायचा. तिनं तशीच सुरुवात केली. अप्पा, तुम्ही जागा दिलीत, तुम्ही वेळेवर येता, तुमच्यामुळे दाराशी शिस्त आहे…

अप्पांनी हात वर केला. “बाई, मी पन्नास वर्षं चादरी विकल्यात. गिऱ्हाईक चादरीचं लई कौतुक करायला लागलं की आमी वळखतो, हे काय घेणार न्हाय. मुद्द्यावर या.”

मग ती मुद्द्यावर आली. मुलाखतीला आलेल्या मुली दारातून परत गेल्या, चौथं पाळणाघर त्यामुळे रखडलं, हे तिनं न अडखळता सांगितलं. बोलताना नजर तिनं खाली घातली नाही.

“मी त्यांच्या भल्यासाठीच बोलायलो,” अप्पा म्हणाले.

“माहीत आहे मला.”

“आन् लेकरांच्या आया? त्यांचं काय म्हणणं?”

हे सांगायचं तिनं ठरवलं नव्हतं. पण विचारल्यावर खोटं कसं बोलणार?

“त्या मागच्या दारानं येतात, अप्पा. तुम्ही उशिराचं विचारता म्हणून.”

अप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “मला वाटलं,” ते म्हणाले, “तिकडनं जवळ पडतं.”

मग ते उठले. बाहेर जाऊन खुर्चीवरची उशी काखेत मारली आणि फाटकाबाहेर चालू लागले. रुद्राणीताई खिडकीतून बघत होत्या. त्यांनी नुसती मान हलवली.

पुढचे चार दिवस सगळं कसं छान चाललं. सिद्धेश्वरी पुन्हा मुलाखतीला आली आणि कामावर घेतली गेली; चौथं पाळणाघर सुरू होईपर्यंत ती इथंच काम शिकणार होती. तिच्यामागोमाग आणखी दोघी आल्या. लेकरांच्या आया पुढच्या दारानं, हसत-बोलत येऊ लागल्या. कुरियरवाला शिट्टी वाजवत यायचा. संघप्रियाला जे जे हवं होतं ते ते झालं होतं, आणि तरी तिला चैन पडेना. रस्त्यावर स्कूटर थांबली की रुद्राणीताई दचकून बघायच्या, कुणी किल्ली मागायला आलं का म्हणून. संघप्रियाला धाक किल्लीचा नव्हता. ‘तिकडनं जवळ पडतं’ हे वाक्य तिच्या कानातून जात नव्हतं.

पाचव्या दिवशी ती नवी पेठेत गेली. गर्दीतून वाट काढत दुकान शोधलं. खाली दुकान, वर घर. दार उघडलं ते अप्पांच्या सुनेनं, शिवलीलानं. संघप्रियानं नाव सांगितलं मात्र, शिवलीलानं तिचा हातच धरला.

“तुमीच व्हय त्या! या, या, आधी आत या.” तिनं ताकाचा तांब्या पुढे ठेवला आणि आवाज खाली आणला. “मॅडम, तुमी त्यांना तिकडनं घरी धाडलं आणि हितं माझी परीक्षा सुरू झाली की ओ. दूध उतू का गेलं? नळ टपटपतो का? कामवालीला विचारलं, तुझा नवरा काय करतो, तू दोन घरची कामं का धरलीस? काल ती काम सोडून गेली! हात जोडते, त्यांना परत न्या.”

अप्पा मागच्या गॅलरीत बसले होते. संघप्रियाला बघून ते उठले नाहीत, पण शेजारची खुर्ची त्यांनी पायानं पुढे सारली.

“रागावलात, अप्पा?”

“रागावलो की,” अप्पा म्हणाले. “पण तुमच्यावर न्हाय.” खाली रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न वाजत होते. “दुकानातनं मला कुणी काढलं न्हाय. एक दिवशी खाली गेलो, तर माझी गादी न्हाय. तितं काचेचं काउंटर. सिद्धलिंग म्हणाला, अप्पा, फर्निचर नवं केलंय, तुमी आराम करा. मला खरंच वाटलं, गादी शिवायला टाकलीय. महिनाभर विचारायलो, आली का रे गादी? आली का रे गादी?”

संघप्रियानं खुर्ची थोडी जवळ ओढली.

“तुमी तोंडावर सांगितलंसा,” अप्पा म्हणाले. “पयल्यांदा कुणीतरी.”

“मग आला का नाहीत?”

“असं सांगितल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी तोंड दाखवायचं? माणसाला काय मान हाय का न्हाय?”

तिला हसू फुटलं आणि अप्पांच्याही मिशा हलल्या. मग ती जराशी चाचरली. “अप्पा, रुद्राणीताईंना वाटतंय की जागा…”

“जागा?” अप्पा खुर्चीत ताठ झाले. “जागा लेकरांला दिलीय. तिचा आन् माझ्या खुर्चीचा काय संबंध? सांगा त्यांना, हे असलं मनात आणलं म्हणून मीच त्यांच्यावर रागावलोय.” थोड्या वेळानं ते म्हणाले, “नव्या माणसाचं तुमी काय करता? पयल्यांदा बघता न्हाय का, जमतंय का न्हाय?”

“तीन महिने. प्रोबेशन म्हणतात.”

“ते मला लावा.”

“अप्पा, तुम्हाला प्रोबेशन?”

“का? चादर बी एकदा धुवून बघावी लागती, रंग जातो का ते. लावा मला. आन् जमलं न्हाय, तर तोंडावर सांगा. गादी काढू नका.”

स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकणाऱ्या शिवलीलानं तिथूनच देवाला हात जोडले.

अप्पांना कुणाच्या हाताखाली द्यायचं, यावर संघप्रियानं फार विचार केला नाही. तान्ह्यांच्या खोलीत हात कमी पडत होते, म्हणून चैतालीच्या. हे ऐकून चैतालीला घेरी यायची बाकी राहिली. “मी अप्पांना सांगू? हे करा, ते करू नका?”

“सांगायचं. ते ऐकतील,” संघप्रिया म्हणाली. आतून तिलाही खात्री नव्हती.

नियम तीनच ठरले. दारात बसायचं नाही. कुणाचं लग्न काढायचं नाही. लेकराला ‘गप’ म्हणायचं नाही. पहिल्या आठवड्यात अप्पांनी तिन्ही मोडले. सवयीनं ते दोनदा दाराकडे गेले आणि चैतालीनं लांबूनच “अप्पाऽ” म्हटल्यावर चोरासारखे माघारी आले. दीड वर्षाच्या पोराला त्यांनी ‘गप, ताठ बस’ म्हणून सांगितलं; त्यानं ऐकलं नाही, उलट त्यांच्या धोतरावर वरणाची वाटी पालथी केली. सिद्धेश्वरीला त्यांनी “तुझं लग्…” एवढं विचारलं आणि जीभ चावून “लग्गेच जेवून घे” असं करून टाकलं. चैताली रोज संध्याकाळी त्यांना सांगायची, आज काय जमलं आणि काय नाही. आधी ती खाली बघून सांगायची. दुसऱ्या आठवड्यात वर बघून सांगायला लागली. अप्पा ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, “व्हय. उद्या बघू.”

मग जूनमध्ये एके दिवशी भर दुपारी लाईट गेली. पाऊस नावाला नव्हता, पत्रे तापलेले. पंखे बंद पडले आणि खोलीतली बावीस लेकरं एकामागून एक रडायला लागली. अंगाई म्हणून म्हणून चैतालीचा घसा बसला. सिद्धेश्वरी पुठ्ठ्यानं वारा घालत होती, तिचे हात भरून आले. सगळ्यांत धाकटा प्रभु तर कुणाकडेच राहीना. चैतालीनं त्याला अप्पांच्या मांडीवर टेकवलं आणि म्हणाली, “काहीतरी बोला याच्याशी.”

काय बोलावं ते अप्पांना कळेना. त्यांना एकच विषय येत होता.

“तर बघ,” त्यांनी सुरुवात केली, “चादर करायची म्हंजे आधी सूत आणायचं. सूत यायचं गठ्ठ्यानं. गठ्ठा सोडायचा. सोडला की लड्या मोजायच्या. एक लडी, मग दुसरी लडी. मग ती भिजत घालायची. रातभर भिजवायची. भिजली की पिळायची. पिळली की वाळवायची…”

आवाज एका लयीत. चढ नाही, उतार नाही. लडी वाळेपर्यंत प्रभुचे डोळे मिटले. रंगाचं पातेलं चुलीवर चढलं तेव्हा त्याच्या आसपासची सहा-सात लेकरं आडवी झाली. मागावर ताण्याचे उभे धागे लागेपर्यंत अख्खी खोली शांत.

एवढी शांतता कशी, म्हणून संघप्रिया धावत आली. दारात तिचे पाय थबकले. बावीसच्या बावीस लेकरं गाढ झोपली होती. सिद्धेश्वरी हातात पुठ्ठा धरून पेंगत होती. चैताली भिंतीला टेकून चक्क घोरत होती. आणि अप्पा बोलतच होते. संघप्रिया दिसताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

“हळू,” ते कुजबुजले. “आजून किनार लागायचीय.”

दुसऱ्या दिवसापासून दुपारची वेळ अप्पांची झाली. गोष्ट रोज तीच, सुतापासून सुरू होणारी, आणि ती पुरी कधी झालीच नाही. लेकरं घरीसुद्धा झोपताना “अप्पा चादल” म्हणून हट्ट धरायला लागली, तेव्हा एका आईनं मोबाईलमध्ये आवाजच भरून नेला. तो आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. कारखान्यातून दमून आलेल्या बायका सांगायच्या, लेकराच्या आधी आम्हीच झोपतो.

ऑगस्ट संपता संपता प्रोबेशन संपलं. संघप्रियाला आता नवीनच पेच पडला. रुद्राणीताई म्हणाल्या, “छान झालं म्हण आणि मोकळी हो. त्यांना वाटतं, लेकरांना गोष्ट फार आवडते. वाटू दे की.”

“मी शब्द दिलाय, ताई. तोंडावर सांगायचं.”

अप्पा नव्या टोपीत समोर बसले. या वेळी तिनं गोड-कडूचा घोळ घातलाच नाही.

“अप्पा, तुम्ही कायम झालात. तुमच्याइतकं चांगलं लेकरांना कुणीच झोपवत नाही. पण एक खरं सांगते. गोष्ट कुणी ऐकत नाही. ती इतकी… इतकी संथ आहे, की ऐकता ऐकता झोप लागते. म्हणूनच चालते.”

अप्पा तिच्याकडे बघत राहिले. मग अप्पांचं पोट हलायला लागलं, मग खांदे, आणि मग ते असे गडगडाटी हसले की बाहेरून रुद्राणीताई दार उघडून आत आल्या.

“आमची मंडळी बी हेच म्हणायची की ओ!” डोळे पुसत अप्पा म्हणाले. “लग्नापासनं म्हणायची, तुमी बोलायला लागला की माझा डोळा लागतो. मी रुसून बसायचो. ती गेली, तवापासनं कुणी तसं म्हणालंच न्हाय.” चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं. “लई खरं बोलायची.”

रुद्राणीताईंनी त्यांच्यासमोर पेढ्याचा पुडा धरला. अप्पांनी पेढा घेतला, पण तोंडात टाकला नाही.

“माझं झालं. आता मला चैतालीबद्दल बोलायचंय,” ते म्हणाले.

संघप्रिया आणि रुद्राणीताईंनी एकमेकींकडे बघितलं. दोघींच्याही मनात तेच आलं, की झालं, आता लग्नाचं काढतात.

“ती पोरगी दुपारी जेवत न्हाय,” अप्पा म्हणाले. “लेकरं झोपल्याबिगर डबा उघडत न्हाय, आन् ती झोपली की दुसरं काम काढती. पार तीन वाजतात. तिची भाकरी गार होती, चटणीला वास लागतो. चार वर्षं हेच चाललंय म्हणं. तुमी तिला लई शाबासकी दिली, ते बरं केलं. पण जेवायला कवा पाठवणार?”

संघप्रिया वरमली. ती चैतालीशी तासभर बोलली होती. काय अडतंय, काय मदत लागेल, सगळं विचारलं होतं. जेवतेस कधी, हे विचारलं नव्हतं आणि चैतालीनं सांगितलं नव्हतं.

“आजपासून पाठवू,” ती म्हणाली.

“आजपासनं काय? आताच. एक वाजायला आला.” अप्पांनी पेढा तोंडात टाकला, धोतराचा सोगा सावरला आणि ते तान्ह्यांच्या खोलीकडे निघाले.

पाच मिनिटांनी चैताली डबा घेऊन ऑफिसात आली. ती जरा बावरली होती, कुणीतरी हाकलून दिल्यासारखी. संघप्रियानं तिच्यासाठी खुर्ची ओढली. रुद्राणीताईंनी आपला डबा उघडला, कडक भाकरीचे तुकडे मध्ये ठेवले आणि चैतालीच्या डब्यातली शेंगाचटणी न विचारता वाढून घेतली. तिघी जेवायला बसल्या. भिंतीपलीकडे सूत गठ्ठ्यातून सुटलं होतं आणि लड्या मोजायला सुरुवात झाली होती. रुद्राणीताईंनी दोन घास खाल्ले आणि तोंडावर हात धरून एक मोठी जांभई दिली.

“दार लोटून घे गं,” त्या चैतालीला म्हणाल्या. “नाहीतर माझं जेवण व्हायचं नाही.”